संगणकातला निरोप समारंभ

वर्गात गणित ऐन रंगात आलेले असते आणि शिपाई सूचनेची वही घेऊन दारात उभा राहतो. आपण खडू खाली ठेवतो, सूचना वाचतो, सही करतो आणि सोडलेल्या पायरीपासून पुढे शिकवू लागतो. संगणकातही असेच घडते. कळ दाबली की कीबोर्ड प्रोसेसरला खूण करतो. प्रोसेसर हातातले काम थांबवतो, त्या खुणेसाठी नेमलेला छोटा प्रोग्राम चालवतो आणि मूळ कामाकडे परततो. या खुणेला इंटरप्ट म्हणतात. आपण ‘व्यत्यय’ म्हणू.

ही सोय १९५० च्या दशकात आली. नेदरलँड्समधल्या एक्स-१ (१९५८) या संगणकासाठी व्यत्यय हाताळणारा प्रोग्राम एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी लिहिला. सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा ते आधी घाबरलेच होते. व्यत्यय केव्हा येईल याचा नेम नाही. मग एकदा घडलेली चूक तशीच पुन्हा घडवून तपासायची कशी? ही भीती किती रास्त होती, ते पुढे यंत्रांचे प्रोग्राम संगणकातून काढून टाकताना फार जाणवले.

आयबीएमच्या पीसीत (१९८१) व्यत्ययासाठी आठ तारा होत्या. एटीमध्ये (१९८४) दुसरी चिप आली. पण ती जोडण्यातच एक तार खर्ची पडल्याने वापरायला पंधरा उरल्या. मेमरीच्या सुरुवातीला २५६ पत्त्यांचा तक्ता असे : कोणत्या व्यत्ययाला कोणता प्रोग्राम चालवायचा, याचा. समजा, ‘अ’ प्रोग्रामला कीबोर्डचा व्यत्यय हवा आहे. तो तक्त्यातला जुना पत्ता टिपून घेई, तिथे स्वतःचा लिही आणि आपले काम झाले की जुन्या पत्त्यावर धाडी. नंतर आलेला ‘ब’ अशाच रीतीने ‘अ’चा पत्ता टिपून घेई.

आता ‘अ’ आधी निघाला तर? त्याने तक्त्यात जुना पत्ता परत लिहिला, तर ‘ब’ला कोणी विचारतच नाही. काही न करता निघाला, तर ‘ब’ काम धाडतो ते रिकाम्या जागेवर आणि संगणक थिजतो. म्हणजे शेवटी आलेल्याने आधी निघायला हवे.

१९९२ च्या पीसीआय पद्धतीत एकाच तारेवर अनेक कार्डे बसू लागली. १९९५ च्या लिनक्स १.२ मध्ये यंत्राचा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, चालत्या संगणकात घालता आणि काढता येऊ लागला. तेव्हा निरोपाची रीत ठरवावी लागली. निघणाऱ्या ड्रायव्हरने आधी आपल्या कार्डाला गप्प करायचे. मग स्वतःची ओळख सांगून तार परत करायची. ओळख नसेल तर भागीदारांपैकी कोण निघाले ते कळणार कसे? संगणकात दोन प्रोसेसर असतील, तर याच ड्रायव्हरचा व्यत्यय दुसऱ्यावर अजून चालू असू शकतो. तो संपेपर्यंत थांबायचे, आणि मगच मेमरी रिकामी करायची.

२००७ मध्ये लिनक्समध्ये अशी सोय आली, की घेतलेल्या गोष्टी ड्रायव्हर निघताना उलट्या क्रमाने आपोआप परत होतात. प्रश्न मिटला का? पूर्णपणे नाही. ड्रायव्हरने मेमरी हाताने सोडली आणि तार मात्र आपोआप सुटण्यावर ठेवली, तर मेमरी आधी जाते, तार नंतर. मधल्या क्षणी व्यत्यय आला की घोटाळा! तो क्षण सहसा सापडत नाही. म्हणून त्याच वर्षी तपासणीची एक युक्ती जोडली गेली : भागीदारीतली तार परत होत असताना लिनक्सने मुद्दाम एक खोटा व्यत्यय द्यायचा. डाइक्स्ट्रांच्या प्रश्नाला हे एक छोटेसे उत्तरच आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. चार मुलांना ओळीत उभे करा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर फक्त पुढच्याचे नाव असू द्या. निरोप चिठ्ठीप्रमाणेच पुढे जाईल. मग मधल्या एकाला गुपचूप बाहेर पाठवा. निरोप कुठे अडतो, आणि जाणाऱ्याने निघण्यापूर्वी काय करायला हवे होते, हे मुलांनाच शोधू द्या.