काळा पडदा आणि बाहेरची कडी : ‘उडॉल्फो’मधील भयनिर्मिती

हॉरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) या पहिल्या गॉथिक कादंबरीत आरंभीच एक अवाढव्य शिरस्त्राण कोसळते आणि विवाहाच्या दिवशीच तरुण राजपुत्र त्याखाली चिरडला जातो. तेथे भयाचे कारण वाचकाच्या डोळ्यांपुढे असते. तीस वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) या चार खंडांच्या कादंबरीत मात्र ते दृष्टीआड केले जाते. एडमंड बर्कने १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उदात्तविषयक ग्रंथात भयाच्या उत्कटतेसाठी अस्पष्टता आवश्यक मानली होती. रॅडक्लिफच्या कथनतंत्रात हे तत्त्व कसे उतरले आणि त्यातून नेमके कोणते भय उभे राहिले, हे येथे पाहावयाचे आहे.

कादंबरीचा आरंभ १५८४ मध्ये होतो. मातापित्यांना पारखी झालेली फ्रेंच तरुणी एमिली आपल्या आत्यासह, आत्याचा इटालियन पती मोंटोनी याच्या ॲपेनाइन पर्वतातील किल्ल्यात येते. तेथील एका दालनात काळ्या पडद्याने झाकलेले काहीतरी आहे. एमिली पडदा उचलते आणि शुद्ध हरपून पडते. तिने काय पाहिले, हे निवेदक सांगत नाही; ते चित्र नव्हते, एवढेच कळते. रससिद्धान्ताच्या परिभाषेत सांगायचे तर निर्जन दालन, किल्ल्याच्या नाहीशा झालेल्या मालकिणीविषयीची कुजबूज हे उद्दीपन विभाव आहेत. भयाच्या शारीर खुणाही आहेत. नाही तो आलंबन विभाव. ही रिकामी जागा वाचक स्वतःच्या कल्पनेने भरतो. जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर ॲबी’त (१८१७) नेमके हेच टिपले आहे. तिची नायिका कॅथरीन ‘उडॉल्फो’ अर्धवट वाचलेली असतानाच, पडद्यामागे त्या मालकिणीचा सांगाडाच असणार, असे ठामपणे सांगते.

चौथ्या खंडाच्या अखेरीस उलगडा होतो. किडे पडलेल्या प्रेताची ती मेणाची प्रतिकृती असते. घराण्यातील एका पूर्वजाने प्रायश्चित्त म्हणून ती न्याहाळावी, असा धर्मसत्तेचा दंडक होता. अद्भुताचा असा लौकिक उलगडा वाचकाची निराशा करतो, असा आक्षेप वॉल्टर स्कॉटने १८२४ मध्ये नोंदवला. आक्षेप निराधार नाही. परंतु तो पडद्यापुरताच लागू पडतो.

किल्ल्यात एमिलीच्या शयनगृहाला जिन्याकडे उघडणारे एक दार आहे. त्याला आतून कडी नाही. कड्या आहेत त्या बाहेरच्या बाजूस. तिच्याशी विवाह करू पाहणारा काउंट मोरानो एका रात्री याच जिन्याने आत शिरतो. आत्या आपली मालमत्ता मोंटोनीच्या नावे करून देण्यास नकार देते, तेव्हा तो तिला बुरुजात कोंडतो; तेथे ती आजारी पडते आणि अखेर मरते. मालमत्तेचा हक्क एमिलीकडे येताच तेच दडपण तिच्यावर येते. १७९४ च्या इंग्लंडमध्ये सर्वसामान्य कायद्यानुसार पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होई आणि तिच्या जमिनीचा ताबाही त्याच्याकडे जाई. ही स्थिती पालटू लागली ती १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. स्थळ इटली आणि काळ सोळाव्या शतकाचा असला, तरी त्या बाहेरच्या कडीचा अर्थ इंग्रज वाचक स्त्रीला परका नव्हता.

या दोन भयांची योजना परस्परपूरक आहे. पडद्याबाबत एमिलीचा तर्क चुकतो. दाराबाबत तो अचूक ठरतो. पहिले भय उलगड्याने विरते. दुसऱ्याचा असा उलगडा संभवतच नाही, कारण त्यात गूढ असे काहीच नाही. मोंटोनीचा हेतू, त्याचे कागद आणि त्याचे पहारेकरी सारे उघड आहे. अंधश्रद्धेची भीती निराधार ठरवणारी ही विवेकवादी लेखिका सत्तेची भीती मात्र निराधार ठरवत नाही.

रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिने भयाचे दोन प्रकार कल्पिले आहेत : मनाच्या शक्ती जागवणारे आणि त्या गोठवून टाकणारे. मॅथ्यू लुईसच्या ‘द मंक’ने (१७९६) दुसरा मार्ग पत्करला. आपल्याकडील भयानक आणि बीभत्स या रसांशी हा भेद तंतोतंत जुळत नाही, तरी त्याच्या जवळ जातो. एमिलीच्या बाबतीत ही जागृती डोळस प्रतिकारात दिसते : ती कायद्याने मिळालेला आपला हक्क मोंटोनीला सुनावते आणि स्वाक्षरीस दीर्घकाळ नकार देते. म्हणूनच ‘उडॉल्फो’चे मूल्यमापन केवळ पडद्यामागील वस्तूवरून करणे अपुरे ठरते. त्या दाराची कडी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.