पटावरचा पंच

पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या संगणकी खेळात पहिली चाल बहुतेकदा ठरलेली असते. नकाशा काळाकुट्ट असतो, हाताशी दोनचार वसाहतकार असतात आणि आधी पाणी शोधायचं असतं. पाण्याशेजारी गाव, गावाभोवती शेती, शेतीच्या जोरावर कारखाना आणि कारखान्याच्या जोरावर पुढचं तंत्रज्ञान, असा हा क्रम. वालचंदनगरच्या माणसाला तो कुणी शिकवावा लागत नाही. इंदापूर तालुक्याच्या या कोरड्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं. 1930च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी त्या पाण्यावर कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती गाव वसवलं. साखरेमागून साखर कारखान्यांची यंत्रं आली, मग सिमेंट कारखान्यांची, मग अणुऊर्जा प्रकल्पांचे सुटे भाग आणि इस्रोच्या रॉकेट मोटारींची कवचंसुद्धा.

फरक एवढाच, की खऱ्या माळावर पाणी सोडल्यावर किती ऊस येतो हे माळच सांगतो. खेळात ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. पाटाला पाणी आलं तर पीक किती वाढणार, दोन फौजा भिडल्या तर कोण उरणार, याचा निकाल द्यायचा कुणी? या खेळांचं सगळं कूळ या एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

मूळपुरुष अर्थातच चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांची सेना आठ बाय आठच्या पटावर मांडायचा हा खेळ उत्तर भारतातून इराणमार्गे अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. आपल्याकडेही तो मुरला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथाचं नाव मराठीच्या अभ्यासकांना त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतं. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाचाही समावेश आहे.

बुद्धिबळाला पंच लागत नाही, हे त्याचं मोठेपण. सगळं पटावर उघडं असतं. घोड्याने प्यादं मारलं की ते मेलं, त्यात किती जखमी आणि किती पळाले असा हिशेब नाही. वाद व्हायचा तो फक्त नियम कुठल्या मुलखाचे यावरून. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, युरोपी पद्धतीत दोन घरं जाऊ शकतं. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथातले डाव त्यात युरोपी चालींना जुळवून दिले होते. समोरचा कुठल्या नियमांनी खेळतो हे आधी ठरवून घ्या, ही अडचण तेव्हाही होतीच.

तिकडे जर्मनीत मात्र बुद्धिबळाचं हे मोठेपण लष्करी लोकांना खुपू लागलं होतं. खऱ्या रणांगणावर चौसष्ट सारखी घरं नसतात, डोंगर, ओढे आणि दलदल असते. 1780मध्ये ब्राउनश्वाइगच्या दरबारातल्या हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचाच पट वाढवून घरांना जमिनीप्रमाणे रंग दिले. पुढे प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी घरंच पुसून टाकली. 1824मध्ये लेकाने जो 'क्रीगस्पील' सादर केला तो 1:8000 प्रमाणाच्या खऱ्या लष्करी नकाशावर खेळायचा होता. प्रत्येक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. खेळाडूंनी हुकूम कागदावर लिहून द्यायचे, शत्रूच्या नजरेबाहेरच्या तुकड्या नकाशावर मांडायच्या नाहीत आणि नुकसान फाशांवरून व कोष्टकांवरून काढायचं.

हे सगळं चालवायला तिसरा माणूस लागला आणि या कुळात पंचाचा जन्म झाला. दोन्ही बाजूंचं खरं चित्र फक्त त्याला ठाऊक. त्याचं काम आपल्या कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखं: पाणी वरून येतं, जमीन शेतकऱ्याची असते, पण कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे त्याच्या वहीत असतं. पाटकऱ्याबद्दल होतात तशाच तक्रारी या पंचाबद्दलही झाल्या. कोष्टकं इतकी किचकट, की दहा मिनिटांच्या चकमकीचा निकाल काढायला फार वेळ जायचा. 1876मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सुचवलं, की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. तेव्हापासून या घराण्यात दोन शाखा पडल्या. एकीचा विश्वास लिहिलेल्या नियमावर, दुसरीचा माणसाच्या निर्णयावर.

लष्कराच्या दालनातून हा खेळ घरात आला तो पंचाला वगळून. एच. जी. वेल्स यांनी 1913च्या 'लिटल वॉर्स'मध्ये खेळण्यातल्या तोफेने खेळण्यातले शिपाई पाडून निकाल लावला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954मध्ये 'टॅक्टिक्स' हा पेटीतला युद्धखेळ काढला. त्यात दोन फौजांच्या बळाचं गुणोत्तर काढायचं, फासा टाकायचा आणि तक्त्यात निकाल बघायचा. पंच आता छापील कागद झाला होता. फायदा असा, की नियम दोघांच्या डोळ्यांसमोर. तोटा असा, की सगळी आकडेमोड खेळाडूंच्या माथी, आणि शत्रूपासून काही लपवायचं तर ते लपवणार कोण?

संगणकाने नेमकी हीच जागा घेतली. 1977मध्ये वॉल्टर ब्राइट यांनी 'एम्पायर' हा खेळ विद्यापीठातल्या मोठ्या संगणकासाठी लिहिला. यंत्र नकाशा झाकून ठेवू लागलं, फासे टाकू लागलं, निकाल देऊ लागलं आणि शिवाय समोरचा खेळाडूही झालं. दुसरीकडे इंग्लंडच्या फ्रान्सिस ट्रेशम यांनी 1980मध्ये 'सिव्हिलायझेशन' नावाचा पटावरचा खेळ काढला होता. त्यात लढाईपेक्षा शेती, व्यापार आणि एकातून दुसरा निघणारा विद्यांचा क्रम महत्त्वाचा होता. 1991मध्ये सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा त्याच नावाचा संगणकी खेळ आला आणि दोन्ही ओढे एकत्र झाले. राइसविट्झची दोन मिनिटांची पाळी इथे सुरुवातीला वीस वर्षांची झाली.

महाराष्ट्राच्या तालुक्यांत संगणक घरोघरी पोचायला पुढचं शतक उजाडलं. 2001मध्ये एमकेसीएल स्थापन झाली, एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव निघाले, आणि कोर्ससाठी म्हणून घेतलेल्या यंत्रावर मासिकाबरोबर आलेली किंवा मित्राने दिलेली सीडी चढू लागली. पाळीचे खेळ अशा यंत्रांना मानवले. ग्राफिक कार्ड नसलं तरी चालतं, कारण समोरचा थांबलेला असतो. लोडशेडिंगमध्ये वीज गेली तर डाव मागच्या जतन केलेल्या पाळीपासून पुन्हा सुरू करता येतो. एकच संगणक आणि तीन भावंडं असली तरी अडत नाही, आपली पाळी संपली की खुर्ची सोडायची.

पण यंत्रात शिरलेला पंच दिसेनासा झाला. त्याची वही कुणाला वाचता येईना. जिथे नियम दिसत नाही तिथे दंतकथा उगवते. सर्वांत गाजलेली कथा आपल्याच गांधीजींची. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारताचे नेते गांधीजी. त्यांच्या आक्रमकतेचा आकडा एक होता, लोकशाही आल्यावर त्यातून दोन वजा झाले, आकडा शून्याखाली जाण्याऐवजी उलटून 255 झाला आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले, असं जगभरचे खेळाडू वर्षानुवर्षं सांगत होते. 2020च्या आत्मकथनात खुद्द सिड मायर यांनी लिहिलं, की अशी चूक मुळात नव्हतीच.

2009च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठी पोरांना मराठ्यांच्या बाजूने खेळता आलं, त्याचं अप्रूप होतंच. डाव 1700मध्ये सुरू होतो आणि एक पाळी म्हणजे अर्धं वर्ष. त्याच 1700च्या पूर्वार्धात औरंगजेबाचा साताऱ्याला वेढा होता, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये अजिंक्यतारा पडला आणि राज्याची सूत्रं ताराबाईंकडे आली. आपल्या इतिहासातला एवढा मोठा उलथापालथीचा काळ तिथे एका पाळीच्या पोटात मावतो. पाळी केवढी धरायची, हाही पंचाचाच निर्णय, आणि तोही खेळाडूला विचारून घेतलेला नसतो.

या कुळातली एक शाखा मात्र पंचाची वही उघडी करून बसली आहे. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी 1995-96मध्ये 'फ्रीसिव्ह' लिहायला घेतला. तो फुकट आहे आणि त्याची संहिता सर्वांना खुली आहे. संगणकावर बसवला की प्रत्यक्षात दोन प्रोग्रॅम येतात. एक सर्व्हर, जो नकाशा सांभाळतो, पाळ्या मोजतो आणि निकाल देतो. दुसरा क्लायंट, म्हणजे आपल्यासमोरचा पट. एकट्याने खेळायला बसलात तरी क्लायंट आधी पडद्यामागे सर्व्हर सुरू करतो. राइसविट्झच्या टेबलावरचा तिसरा माणूस इथे पुन्हा वेगळा उभा आहे.

त्याचे नियमही साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. त्याचा उपयोग पहिल्याच डावात होतो. पाट काढायचा तर शेजारच्या घरात नदी, तळं, समुद्र किंवा आधीच ओलिताखाली आलेलं शेत लागतं. कालव्याच्या गावातल्या माणसाला हे लगेच पटतं. मग तो उत्साहाने गवताळ जमिनीवर पाट काढतो, कामगार पाळ्यांमागून पाळ्या राबतात आणि धान्य दोनचं दोनच राहतं. नियमांची फाईल उघडली की कारण सापडतं. डावाच्या सुरुवातीला असलेल्या एकाधिकारशाहीच्या राजवटीत ज्या घराचं उत्पन्न दोनच्या वर जातं त्यातला एक कापला जातो. गवताळ जमीन दोनवरून तीनवर गेली आणि एक कापून पुन्हा दोनवर आली. तेच पाणी मैदानी जमिनीला दिलं असतं तर एकाचे दोन झाले असते आणि ते टिकलेही असते.

एवढं कळलेला खेळाडू पुढच्या डावात मैदानापासून सुरुवात करतो. त्याहून चौकस असलेला तोच आकडा बदलतो, फाईल जतन करतो आणि आपल्या नियमांनी नवा डाव मांडतो. पण मित्रासोबत खेळायचं असेल तर बदललेला आकडा आधी त्याला दाखवावा लागतो, त्याची संमती घ्यावी लागते, आणि बहुतेक वेळा खरी घासाघीस तिथेच होते. पंच यंत्रात गेला म्हणून निकालावरचे वाद मिटले. नियमांवरचे वाद मात्र माणसांनाच मिटवावे लागतात, आणि त्यासाठी ते सगळ्यांना वाचता येतील असे लिहिलेले असावे लागतात.