"वरून भाव पडला" म्हणजे नेमकं काय? सोयाबीन विकण्याआधी हे वाचा

मनीषनगर (नागपूर), वार्ताहर : सोयाबीन कळमन्याला न्या की गावातच खेडा खरेदीवाल्याला द्या, भाव कमी लागला की उत्तर एकच, "वरून पडला जी." हे 'वर' म्हणजे कोण, ते माहीत असलं तर निदान चार प्रश्न तरी विचारता येतात.

भाव कुठून येतो?
एक क्विंटल सोयाबीनमधून प्लांटमध्ये साधारण 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड (डीओसी) निघते. आपल्या तेलाची स्पर्धा बंदरावर उतरणाऱ्या परदेशी तेलाशी आहे. पेंड कोंबडी खाद्याला लागते, काही परदेशात जाते. म्हणून बंदरावरचा कर बदलला की त्याचा झटका आपल्या कट्ट्यापर्यंत येतो.

'वर' काय काय झालं?
- 20 डिसेंबर 2021 : सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले.
- 14 सप्टेंबर 2024 : कच्च्या खाद्यतेलावर मूळ आयात कर 20 टक्के झाला, सेस धरून 27.5 टक्के.
- मे 2025 अखेर : मूळ कर 10 टक्के, सेस धरून 16.5 टक्के.

करातले हे बदल सरकार जाहीर करते, ते लपून राहत नाहीत. त्यामुळे कोणी "वरून पडला" म्हटलं तर विचारा : आज कोणत्या प्लांटचा भाव किती आहे? हे भाव व्यापाऱ्याच्या मोबाइलवर रोज येतात. त्यातून गाडीभाडं, हमाली आणि त्याचा नफा वजा करा. उरतो तो तुमचा भाव.

ओल किती कापायची?
हमीभाव केंद्रावर ओलीची मर्यादा 12 टक्के असते. 2024 च्या हंगामात ती 15 पर्यंत वाढवली होती. प्लांटवाले मात्र बहुतेक 10 टक्के धरतात. हिशेब सोपा आहे. 15 टक्के ओल असलेलं 100 किलो सोयाबीन :
- 12 टक्क्यांवर आणलं तर 96.6 किलो भरते, म्हणजे घट साडेतीन किलोच्या आत.
- 10 टक्क्यांवर आणलं तर 94.4 किलो भरते, म्हणजे घट साडेपाच किलोच्या आसपास.

यापेक्षा जास्त कापलं तर कारण विचारा. मशीनवरचा आकडा स्वतः पाहा आणि पट्टीवर लिहून घ्या. ओलीसाठी वजनही कापलं आणि भावही उतरवला, तर ती एकाच गोष्टीची दोनदा कपात झाली.

कागद कोणाजवळ?
माल तुमच्या हातून सुटला की पुढे प्रत्येकाजवळ कागद असतो. ट्रकची बिल्टी, प्लांटच्या काट्याची पावती, लॅबचा रिपोर्ट आणि पेंड परदेशात गेली तर बंदरावरचे कस्टमचे कागद. शेतकऱ्याजवळ मात्र कधीकधी नुसती चिठ्ठी. पुढे लॅबमध्ये माल चांगला निघाला तरी ते तुम्हाला कोणी सांगायला येत नाही. म्हणून एवढं घ्याच :
- काटापट्टी : तारीख, वजन, कट्टे
- हिशेबपट्टी : भाव, ओल, माती-कचरा, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली
- व्यापाऱ्याचं नाव व परवाना क्रमांक
- पैसे बँकेतून मिळाल्याची नोंद

पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काट्यावर वैधमापनचा शिक्का चालू मुदतीचा आहे का, तेही पाहा.

तक्रार कुठे?
बाजार समितीतला सौदा असेल तर आधी समितीच्या सचिवाकडे लेखी द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. काट्याबद्दल वैधमापन विभागाकडे. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.

2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये आहे. त्याखाली विकायची वेळ आली तर निदान किती खाली आणि कशापायी, हे कागदावर असू द्या.