ताजमध्ये जॅझ, मुक्काम कुडीत

संशोधनाचा प्रश्न सुचतो कसा, असं तुम्ही विचारता. मला तो परतीच्या गाडीच्या धास्तीतून सुचला. मी वाढवणची. मुंबईत मुक्काम परवडत नाही, म्हणून कागद चाळता चाळता डोळा घड्याळावर, डहाणू लोकल चुकायला नको! वाचत होते जॅझबद्दल. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफर्डच्या बँडमध्ये फ्रँक फर्नांडसारखे गोव्याचे वादक दिसू लागले. मग वाटलं, गोव्याहून आलेला वादक रात्री झोपत कुठे असेल?

एक धागा धोबीतलावात सापडतो: गोवेकरांच्या कुडी. आमच्याकडे कूड म्हणजे कारवीची भिंत, कोकणीत खोली. एकेका गावाने चालवलेली ही स्वस्त वसतिस्थानं. खलाशी, आचारी, वादक एकत्र. भिंतीलगत ट्रंका, समोर वेदी, संध्याकाळी रोजरीची प्रार्थना.

तेव्हा हॉटेलच्या जाहिरातींवर थांबू नका. तिथे बँडमास्तरचं नाव ठळक, मागच्या रांगेतल्यांचं बहुधा नाहीच. पण कुडीवरही विसंबू नका. त्या प्रामुख्याने पुरुषांच्या. बँडबरोबर गाणाऱ्या बायका कुठे उतरायच्या, ते तिथे कळणार नाही.