पेल एल आणि स्प्रूसचे कोंब

23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा असईला भिडल्या. हे असई आज जालना जिल्ह्यात आहे. त्याच महिन्याच्या सुरुवातीला इंग्रज कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतलं होतं. पुढे शहराबाहेर छावणी वसली आणि ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. मनमाडकडून रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास. त्याआधी, छावणीच्या सुरुवातीच्या दशकांत, गोऱ्या साहेबाला विलायती बिअर हवी असेल, तर चार-सहा महिने जहाजात हेलकावे खाल्लेली बाटली बंदरातून बैलगाडीनेच आणावी लागे. पेल एलची कुळकथा सांगताना मला हा प्रवास आधी सांगावासा वाटतो, कारण तिची कडू चव त्यातूनच समजते.

पेल म्हणजे फिकट, आणि एल हा बिअरचाच एक प्रकार. लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, काळपट होई. सतराव्या शतकात इंग्लंडात कोकच्या धगीवर माल्ट वाळवायला लागले, तसा तो फिकट राहू लागला. हॉप्सच्या फुलांतली कडू आम्लं बिअर आंबवणाऱ्या जंतूंना रोखतात. म्हणून लांब पल्ल्याच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त, आणि पिंपातही वरून मूठभर. लंडनच्या बो ब्रुअरीच्या हॉजसनने ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधली, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. शरद ऋतूत करून मुरवत ठेवायची कडक बिअर इंग्लंडात आधीपासून होती. हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई; त्याचं खरं बळ यात होतं. 1820 च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावचा ऑलसॉप या व्यापारात उतरला. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या एलचा कडवटपणा अधिक स्वच्छ आणि कोरडा लागे. त्यानंतर बाजार बर्टनकडे गेला.

स्प्रूसचं घराणं वेगळं, पण तेही प्रवासातलंच. स्प्रूस म्हणजे देवदाराच्या भावकीतलं थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड. 1535-36 च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेकजवळ जॅक कार्टियेची माणसं स्कर्व्हीने मरत होती. तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सदाहरित झाडाच्या पाल्या-सालीचा काढा दिला आणि उरलेले वाचले. पुढे उत्तर अमेरिकेत, जिथे हॉप्स दुर्मीळ, तिथे स्प्रूस आणि काकवी आंबवून बिअर होऊ लागली. इंग्रजी आरमारानेही ती उचलली. उकळताना आणि आंबवताना स्कर्व्ही रोखणारं क जीवनसत्त्व बरंचसं जातं, तेव्हा औषध म्हणून ती लंगडीच.

मला यातली सर्वांत मोलाची नोंद 1773 ची वाटते. कॅप्टन कुक न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये थांबला होता. तिथे स्प्रूस नव्हता. त्याने स्प्रूससारखं दिसणारं रिमू नावाचं झाड घेतलं, त्याचा तुरटपणा कमी करायला मानुका झुडपाचा पाला घातला, आणि बिअर केली. झाड बदललं, रीत टिकली.

आजच्या स्प्रूस पेल एलमध्ये वसंतात फुटणारे पोपटी, मऊ कोंब घालतात. अलास्कात सिटका स्प्रूसच्या कोंबांची बिअर नियमित होते. ही बिअर बर्फगार पिऊ नये, गारठ्यात तिचा वास दबतो. ग्लास थोडा वेळ तसाच राहू द्यावा. आधी नाकाला ओली राळ जाणवते, मग लिंबाची साल. पहिल्या घोटाला माल्टचा गोडवा, शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला हॉप्सचा कडू आणि कोंबांचा किंचित तुरट. लिंबाच्या सालीचा भास होतो तो लिमोनिनसारख्या तेलांमुळे.

हेच लिमोनिन मोसंबीच्या सालीत ठासून भरलेलं असतं, आणि जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पुण्यात 2009 मध्ये डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केल्यापासून महाराष्ट्रात ताजी एल मिळू लागली. इथल्या ब्रुअरने स्प्रूस बाहेरून मागवण्यापेक्षा कुकची वाट धरावी, असं मला मनापासून वाटतं. आंबे बहाराची मोसंबी पावसाळ्याच्या अखेरीस उतरते. तिची हिरवट साल, आतला पांढरा कडू थर काढून, आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये काही दिवस ठेवता येईल. हॉप्स त्यासाठी थोडे कमी करावे लागतील.