दुर्बीण, चांदमारी आणि बेताचा पैसा



मी साधा मॅट्रिक मनुष्य. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालों. दुर्बिणीच्या शास्त्राविषयीं बोलण्याचा अधिकार मजकडे नाहीं. तथापि मध्यंतरीं एक दुर्बीण विकत घेण्याचा प्रसंग आला, तींत मी फसलों, आणि आपण कां फसलों याचा शोध घेतां घेतां थेट असईच्या रणभूमीपर्यंत जाऊन पोंचलों. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझी नात नेमबाजी शिकते. छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे आम्हां जुन्या लोकांच्या जिभेवर अजून बसलेल्या औरंगाबादेंत, मुली बंदूक हातीं धरतील असें माझ्या लहानपणीं कोणी म्हटलें असतें तर लोक हंसले असते. ती पन्नास मीटरांवरील कागदी लक्ष्यावर पॉइंट टू-टू रायफलीनें गोळी झाडते. त्या गोळीचें भोंक साडेपांच मिलिमीटरांचें, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढें. आणि लक्ष्याचा मधला भाग काळा. काळ्यांतलें तें भोंक इतक्या अंतरावरून नुसत्या डोळ्यास दिसत नाहीं. म्हणून नेमबाज आपल्या शेजारीं तिकाटण्यावर एक लहान दुर्बीण ठेवितात. मैदानावर तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. नातीजवळ ती नव्हती. चांगल्या विलायती दुर्बिणीची किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. निवृत्तिवेतनांत ती बसण्यासारखी नव्हती.

मग एका दुकानांत स्वस्तांतली एक पाहिली. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘शंभरपट’ असें छापलेलें. शंभरपट मोठें दाखवील ती वीसपटीहून पांचपट चांगली, असा हिशेब मीं केला. तिसरीच्या मुलानेंहि हाच हिशेब केला असता. मैदानावर नेल्यावर लक्ष्य धुक्यांत बुडाल्यासारखें दिसूं लागलें. तिकाटणें इतकें हलकें कीं, शेजारच्या मुलीनें पाऊल टाकलें तरी चित्र थरथरे. उन्हें वाढल्यावर तर सगळें लक्ष्य ओढ्याच्या तळाशीं पडल्यासारखें डुलूं लागलें. नात रागावली नाहीं. “राहूं द्या, आजोबा,” एवढेंच म्हणाली आणि पूर्वींप्रमाणें मैत्रिणीच्या दुर्बिणीपाशीं पाळी लावून उभी राहिली. तें मला फार लागलें.

इतिहासाच्या शिक्षकाला एकच उपाय ठाऊक असतो, आणि तो म्हणजे मागें जाऊन पाहणें.

दुर्बीण हा शब्द आपण फारशींतून घेतला. दूरचें पाहणारी ती दुर्बीण. वस्तु मात्र हॉलंडची. १६०८ सालच्या ऑक्टोबरांत लिपरहे नांवाच्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें तेथील सरकारकडे या यंत्राचा मक्ता मागितला. ही युक्ति इतरांनाहि ठाऊक आहे, या कारणावरून त्याला तो मिळाला नाहीं. पुढच्याच वर्षीं गॅलिलिओनें ती वार्ता ऐकून स्वतः कांचा घांसल्या, आणि १६०९ च्या ऑगस्टांत व्हेनिसच्या उंच मनोऱ्यावरून तेथील अधिकाऱ्यांना समुद्रांतलीं दूरचीं गलबतें दाखविलीं. दुर्बीण आठ-नऊपटीची. बक्षीस म्हणून त्याची नोकरी कायम झाली व पगार जवळजवळ दुप्पट झाला. शिक्षकाची पगारवाढ इतक्या लवकर मंजूर झाल्याचें दुसरें उदाहरण निदान माझ्या वाचनांत नाहीं.

आतां माझ्या कामाची गोष्ट पुढें आहे. १६१० च्या जानेवारींत ज्या दुर्बिणीनें त्याला गुरूचे चंद्र दिसले, ती सुमारें वीसपटीचीच होती. शिवाय त्यानें आपल्या भिंगाची कड पुठ्ठ्याच्या कड्यानें झांकून टाकली होती. कारण कडेची कांच सदोष असे आणि तेथून आलेला प्रकाश चित्र बिघडवी. म्हणजे ज्याला सर्वांत दूरचें पाहावयाचें होतें त्यानें दुर्बिणीची पट वाढविण्यापूर्वीं चित्र स्वच्छ करून घेतलें. हें वाचलें त्या रात्रीं कपाटांतला तो ‘शंभरपट’ डबा मला दिसूंहि नये असें वाटलें.

पुढें दीडशें वर्षें एकच विघ्न छळीत राहिलें. साध्या भिंगांतून पाहिलें कीं प्रत्येक वस्तूच्या कांठाला जांभळी-तांबडी झालर दिसे. न्यूटनसारख्यानेंहि हा दोष असाध्य मानला होता. दोन भिन्न जातींच्या कांचा एकत्र जोडल्या तर ती झालर जाते हें इंग्लंडांत हॉल नांवाच्या गृहस्थानें शोधून काढलें, आणि १७५८ त डॉलंडनें त्याचा मक्ता मिळवून त्याचा धंदा केला. तेव्हांपासून पितळेच्या नळ्यांची, एकींत एक सरकणारी, आंखूड दुर्बीण लष्करी अधिकाऱ्यांच्या हातीं आली.

आणि ती आमच्या मुलखांत आली. असई हें गांव आज जालना जिल्ह्यांत, भोकरदन तालुक्यांत आहे. १९८१ पूर्वीं तो भाग औरंगाबाद जिल्ह्यांतच मोडत असे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तो येथें अवचित मराठी फौजेसमोर येऊन ठेपला. दुसऱ्या दिवशीं कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीला मिळून लढावें असा त्याचा बेत होता. समोर दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचें अफाट घोडदळ आणि पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखालचीं कवायती पायदळाचीं पलटणें. तोफा शंभराच्या घरांत, आणि त्या डागणारे गोलंदाज कसलेले. मध्यें केळणा नदी; पलीकडे थोड्या अंतरावर जुई. वेलस्लीजवळ लढाईच्या कामाचे लोक पुरते दहा हजारहि नव्हते.

समोरून नदी उतरणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें. दुसरीकडे उतार आहे काय, असें वाटाड्यांना विचारलें, तर ते म्हणाले, नाहीं. तेव्हां वेलस्लीनें जरा पुढें जाऊन दुर्बिणीनें नदीचा कांठ न्याहाळला. एक गांव अलीकडच्या तीरावर दिसलें, पिंपळगांव. आणि अगदीं त्याच्या समोर पलीकडच्या तीरावर दुसरें, वरूड. त्यानें मनाशीं ताडलें कीं, जाण्यायेण्याची सोय असल्यावांचून माणसें समोरासमोर दोन गांवें वसवीत नाहींत. नांव नसेल तर उतार असलाच पाहिजे. माणूस पाठवून खात्री केली; उतार होता. फौज तेथून नदीपार झाली. त्या उतारावरच त्याच्या बाजूच्या घोडेस्वाराचें डोकें तोफेच्या गोळ्यानें उडालें.

पुढची लढाई आपणांस ठाऊक आहे. आपली बाजू हरली, हें सांगतांना वर्गांत माझा आवाज नेहमीं उतरत असे. परंतु गोलंदाजांनीं शर्थ केली. वेलस्लीचे सुमारें १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले, आणि पुढें युरोपांत नांव मिळविल्यावरहि तो असईलाच आपली सर्वांत मोठी कामगिरी मानीत असे. माझें लक्ष मात्र या खेपेस त्या दुर्बिणीवर खिळलें. तिच्यांतून त्याला उतार दिसला नव्हता. पाण्याची खोलीहि दिसली नव्हती. दिसलीं तीं दोन गांवें, आणि तेवढें स्वच्छ दिसणें पुरेसें झालें. तो उतार मोकळा कां राहिला, हा प्रश्न आपल्या सरदारांना विचारावासा वाटतो. पण तो विषय निराळा.

आतां नेमबाजीकडे वळूं. जुन्या छावण्यांच्या गांवीं चांदमारी म्हणून एक जागा असे: चांदासारखें गोल लक्ष्य आणि त्यावर मारा. तेथें गोळी कोठें लागली हें खंदकांत बसलेला माणूस काठीच्या टोंकाला तबकडी किंवा निशाण लावून दाखवी. विलायतेंत १८६० सालीं विंबल्डनच्या माळावर राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या तेव्हां पहिली गोळी खुद्द राणी व्हिक्टोरियानें झाडली. बंदूक आधींच यंत्रावर रोखून ठेविली होती, राणीनें नुसती रेशमी दोरी ओढली, आणि चारशें यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. अशी नेमबाजी मलाहि जमेल. आपल्याकडे राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ त स्थापन झाली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकारानें. मूळ घराणें रत्नागिरीकडचें, कर्मभूमि अहमदाबाद. त्यांच्या नांवाच्या स्पर्धेंतून आजहि मुलें राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० त म्यूनिकला विश्वविजेती झाली, आणि राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनें २०२४ त पॅरिसला कांस्यपदक मिळविलें. मोठ्या स्पर्धांतून आतां विजेचीं लक्ष्यें आहेत, गुण आपोआप पडद्यावर उमटतो. परंतु सरावाच्या ठिकाणीं जेथें कागद टांगला जातो, तेथें दुर्बिणीवांचून गत्यंतर नाहीं.

दुसरी दुर्बीण घेतली ती हिशेब करून. वीसपट म्हणजे पन्नास मीटरांवरचें लक्ष्य अडीच मीटरांवर आल्यासारखें. तुरीचा दाणा अडीच मीटरांवरून कोणासहि दिसतो. पुढच्या भिंगाचा व्यास पटीनें भागला म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी निघते. साठ मिलिमीटर भागिले वीस, तीन मिलिमीटर. उन्हांत आपल्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच असते. माझी पहिली दुर्बीण पन्नास भागिले शंभर, म्हणजे अर्धा मिलिमीटर. अंधार दिसणारच! आणि काळ्यांतलें भोंक शोधावयाचें तर हवा उजेड. दहा मीटरांच्या हवाई बंदुकीला तर दुर्बीण मुळींच नको. तेथें कागद जवळ ओढून पाहतां येतो. नवख्या मुलाच्या पालकांनीं तो खर्च खुशाल वांचवावा.

कांचेवर निळसर किंवा हिरवट झांक आहे कीं नाहीं, हें तिरपें धरून पाहिलें. उघड्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावर शेंकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. त्यावर पातळ लेप देण्याची युक्ति जर्मनींत झाइसच्या कारखान्यांत १९३५ त निघाली, आणि आज ती बेताच्या किंमतीच्या दुर्बिणींतहि असते. या एका बाबतींत माझ्या नातीची कांच वेलस्लीच्या कांचेहून सरस आहे. डोळा लावण्याची नळी तिरपी घेतली, कारण पालथें पडून नेम धरणाऱ्याला मान न उचलतां पाहतां आलें पाहिजे. मी चष्मा लावतों म्हणून चष्म्यासकट सबंध गोल दिसतो काय, हेंहि पाहिलें. दुकानदार जरा कंटाळला. वांचलेल्या पैशांतून जड तिकाटणें घेतलें.

ही दुर्बीण साठपटीपर्यंत फिरते, पण वीसाच्या पुढें नेली कीं उजेड झपाट्यानें जातो. साठावर तो नवव्या हिश्शावर येतो. नात ती वीसावरच ठेविते. मार्चपासून येथें सकाळीं दहाच्या आंतच जमीन तापते आणि लक्ष्यासमोरची हवा लहरूं लागते. पहिल्या दिवशीं मला तो दोष वाटला होता. आतां ती मुद्दाम दुर्बीण लक्ष्याच्या किंचित् अलीकडे जुळविते. लहरी डावीकडून उजवीकडे वाहतांना दिसल्या कीं वारा कोणीकडचा तें तिला कळतें. मग दर्शनीची चकती दोन घरें फिरवून ती पुन्हां रायफलीशीं गाल लावते.