मुंबईचा समुद्रकाठ : विरंगुळा व रीती

मुंबई शहरातील फिरणे, बसणे, खेळणे व निसर्गनिरीक्षण यांसाठी लोकांच्या वापरात असलेला किनारपट्टा व त्याच्या जवळची मैदाने. मूळची सात बेटे भराव घालून जोडल्याने हे शहर घडले. त्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस बंदर आणि ठाण्याची खाडी आहे. सांडपाणी, खडक व पाण्याची ओढ यांमुळे येथे समुद्रस्नानाची प्रथा फारशी रुजली नाही. बहुतेक मुंबईकर समुद्र काठावरूनच अनुभवतात. हिवाळ्यात होणाऱ्या संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया यांसारख्या जलतरण स्पर्धा हा त्याला अपवाद.

भरती-ओहोटी : काठावरचे बरेचसे व्यवहार घड्याळापेक्षा पाण्यावर ठरतात. दिवसातून साधारण दोनदा भरती येते व ती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण (मोठी भरती), तर अष्टमीच्या सुमारास भांग (लहान भरती) असतो. पावसाळी उधाणात पाणी कधी ४.५ मी. पेक्षा उंच चढते. वर्तमानपत्रे त्या वेळा आधी छापतात. हाजीअली दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जात असल्याने भाविक ओहोटी पाहून निघतात. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर खेकडे, समुद्रफुले, शंखशिंपले व कधी ऑक्टोपसही दिसतात; ते दाखवणाऱ्या सहली ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून काढतो. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी चरतात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात, म्हणून पक्षिनिरीक्षक तीच वेळ गाठतात. हेच पक्षी उतरणाऱ्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

चौपाट्या व मरीन ड्राइव्ह : गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा व आक्सा या प्रमुख चौपाट्या. गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांचा पुतळा आहे. एरवी भेळ-कुल्फीची असलेली ही वाळू अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या गर्दीने भरते. सुमारे ३.६ किमी. लांबीच्या मरीन ड्राइव्हवर लोक रस्त्याकडे पाठ करून कठड्यावर तासन्‌तास बसतात. उधाणाच्या दिवशी काठालगतच्या टेट्रापॉडवर (काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) आपटून उसळणारी लाट मुद्दाम अंगावर घ्यायला गर्दी होते व ती आवरण्यासाठी पोलिस तैनात करावे लागतात. येथील आर्ट डेको इमारतींचा २०१८ पासून जागतिक वारसास्थळात समावेश आहे.

मैदाने : दादरच्या समुद्राजवळचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुले झाले. त्याभोवतालचा कट्टा गप्पांसाठी, मैदान क्रिकेटसाठी व तेथील समर्थ व्यायाममंदिर मल्लखांबासाठी प्रसिद्ध आहे. पाऊस आला की क्रिकेट थांबते, हा सार्वत्रिक नियम मुंबईने कांगा लीगमध्ये उलटा केला. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा १९४८ मध्ये पावसाळ्यात खेळण्यासाठीच सुरू झाली. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसाही वळतो व मैदानातील वाढलेल्या गवतात अडतो. अशा खेळपट्टीवर टिकणे ही फलंदाजाची कसोटी मानली जाते.

कोळीवाडे : वरळी, माहीम, वर्सोवा आदी कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला वाजतगाजत समुद्राला नारळ अर्पण करतात. पावसाळ्यात बंद असलेल्या मासेमारीच्या नव्या हंगामाशी हा सण जोडलेला आहे.

सद्यःस्थिती : वर्सोवा चौपाटीवर २०१५ पासून नागरिकांनी मोठी स्वच्छता मोहीम चालवली. पावसाळ्यात जुहू, गिरगाव येथे ‘ब्लू बॉटल’ हे डंख करणारे निळे जीव वाहून येत असल्याने अनवाणी फिरणे टाळावे. मार्च २०२४ मध्ये वरळी ते मरीन ड्राइव्ह या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. त्यासाठीच्या भरावाने तेथील जुनी किनाररेषा बदलली असून, भरावाच्या वाटेत आलेल्या प्रवाळांच्या काही वसाहती अन्यत्र हलवण्यात आल्या.